पत्रा कापणारे टेबल जुन्या शहरातच बनावे

अकोल्याच्या जुन्या शहरातील आमचे फॅब्रिकेशनवाले बांधव गेट, ग्रिल, शटर मेहनतीने बनवितात. परंतु आजचा ग्राहक मोबाइलवर नक्षी दाखवितो आणि 'अगदी अशीच जाळी हवी' म्हणतो. गॅसकटर आणि ग्राइंडरने ती काढावयास दिवस जातो, तरी दोन पाकळ्या सारख्या येत नाहीत. मग पत्रा बाहेर कापावयास पाठवावा लागतो. वाहतूक आणि उशीर आपल्या माथी, नक्षीचा नफा दुसऱ्याच्या खिशात. आपल्या हाती उरते केवळ जोडकाम.

यावर उपाय म्हणजे संगणकावर चालणारे प्लाझ्मा कटिंग टेबल. तयार मशीनची किंमत लाखांत जाते. मात्र आमचे म्हणणे असे की, हे टेबल विकत घेण्यापेक्षा आपणच बांधावे.

हे अशक्य नाही. कोरणाऱ्या मशीनमध्ये हत्यार धातूवर जोर देते, म्हणून तिचा सांगाडा वजनदार लागतो. प्लाझ्मात टॉर्च पत्र्याला टेकत नाही. विजेच्या ठिणगीने तापलेली हवाच धातू वितळवून उडविते. सांगाड्याला फक्त टॉर्चचे वजन पेलायचे असते. अँगल, चौकोनी पाइप आणि वेल्डिंग हे तर आपले रोजचेच काम. दोन्ही कर्ण मोजून चौकट काटकोनात बसविली की अर्धी लढाई जिंकली. उरले स्टेपर मोटार, दातेरी पट्ट्या आणि त्यांना हुकूम देणारा संगणक. 1952 मध्ये अमेरिकेच्या एमआयटी संस्थेत आकड्यांच्या हुकुमावर चालणारे मशीन दाखविले गेले, तेव्हा ही मोठ्या कारखान्यांची मिरास होती. आज लिनक्स सीएनसी आणि 2009 मध्ये नॉर्वेत तयार झालेले जीआरबीएल हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक शिकलेला घरचा मुलगा ते बसवू शकतो.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. टॉर्च सुमारे दीड मिलिमीटर रुंद चीर पाडतो. ती हिशेबात धरली नाही तर माप चुकते. तापून पत्रा वर उचलला जातो, म्हणून टॉर्चची उंची आपोआप सांभाळणारा भाग हवाच. कंप्रेसरच्या हवेत पाणी राहिले तर नोझल लवकर जळते. ठिणगी पेटविताना उच्च वारंवारता वापरणारे प्लाझ्मा सेट संगणकाला गोंधळात टाकतात; तसा नसलेला सेट निवडावा आणि अर्थिंग पक्के करावे. पातळ पत्र्यावर लेझरइतकी स्वच्छ कड प्लाझ्मा देत नाही, हेही ग्राहकाला आधीच सांगावे.

जिवाची काळजी तर सर्वांत आधी. गल्लीतल्या बंद दुकानात हे मशीन चालवू नये. जस्ताच्या आणि स्टेनलेस पत्र्याचा धूर फुप्फुसाला घातक आहे. टेबलाखाली पाण्याचा हौद ठेवल्यास धूर बराच दबतो. मात्र त्या हौदावर ॲल्युमिनियम कापल्यास हायड्रोजन साचून स्फोट होऊ शकतो. काळा चष्मा लावल्याशिवाय कोणी जवळ उभे राहू नये.

एकट्या दुकानदाराला हा खर्च जड जाईल आणि एकट्याच्या कामावर टेबल दिवसभर चालणारही नाही. म्हणून चार-पाच दुकानदारांनी भागीदारीत ते उभारावे. हिस्सा, पाळी, कापण्याचा दर आणि दुरुस्तीचा निधी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावा. तोंडी भागीदारी मैत्री आणि धंदा दोन्ही बुडविते. ज्यांना एकट्यानेच करावयाचे असेल त्यांनी 2008 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. त्यात अल्पसंख्याक अर्जदार विशेष प्रवर्गात धरले गेले असून शहरी भागात 25 टक्के अनुदानाची तरतूद आहे.

विकत घेतलेले मशीन बंद पडले की कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. स्वतः बांधलेल्या मशीनचा प्रत्येक बोल्ट आपल्या ओळखीचा असतो. शिवाय ते बांधताना उस्ताद आणि शिकलेला शागिर्द एकाच टेबलाशी उभे राहतील. आज बापाला संगणक कळत नाही आणि मुलाला लोखंड. हे अंतर मिटले तरच हे हुनर पुढच्या पिढीच्या रोजीला उपयोगी पडेल. आमच्या बांधवांनी याचा जरूर विचार करावा.