उतारावरील वृक्षाचे मूळ

वृक्षाचे मोल ठरविताना मनुष्य बहुधा जमिनीच्या वरच्या भागाकडेच पाहतो. पाने सावली देतात, फुले मन प्रसन्न करतात, फळे भूक भागवितात आणि लाकूड घर उभारण्याच्या कामी येते. मुळे मात्र नजरेआड असतात. आणि 'दृष्टीआड सृष्टी' या म्हणीप्रमाणे त्यांची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. सपाट माळावर या विस्मरणाने फारसे बिघडत नाही. डोंगराच्या उतारावर मात्र ते महागात पडते; कारण तेथे मूळ केवळ झाडालाच नव्हे, तर झाडाखालच्या जमिनीलाही धरून ठेवीत असते.

सह्याद्रीचेच उदाहरण घ्यावे. त्याचा देह लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या खडकाचा आहे. ऊन, वारा आणि पाऊस यांनी झिजून या खडकाचा मुरूम होतो आणि मुरमाची माती होते. पायथ्याशी ही माती खोल असते. कड्याजवळच्या उभ्या उतारावर मात्र तिचा थर पातळ असतो. महाबळेश्वरासारख्या ठिकाणी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांतच. पाणी मुरून माती जड होते, तिच्या कणांची परस्परांवरील पकड सैल होते आणि खालच्या कठीण खडकावरून ती घसरू पाहते. अशा ठिकाणी उभ्या राहणाऱ्या झाडाला जन्मापासूनच दोन शत्रूंशी झुंजावे लागते. एक शत्रू म्हणजे त्याला खाली ओढणारे त्याचे स्वतःचे वजन, आणि दुसरा म्हणजे पायांखालून निसटणारी माती.

या झुंजीची तयारी बीज रुजते त्या क्षणीच सुरू होते. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिष्टाचे सूक्ष्म कण असतात. ते वजनाने तळाशी बसतात आणि खालची दिशा कोणती, हे मुळाला त्यांच्यामुळे कळते. म्हणून जमीन कितीही तिरपी असली तरी पहिले मूळ पृथ्वीच्या ओढीच्या दिशेने सरळ खाली उतरते आणि खोड सरळ वर चढते. वाटेत खडक आडवा आला, तर मूळ त्याच्याशी बळजोरी करीत नाही. ते त्याला वळसा घालते, भेग शोधते आणि त्या भेगेत शिरून जाड होत जाते. कड्यावरच्या वडा-पिंपळांची मुळे खडकाला विळखा घालून बसलेली दिसतात, ती याच चिकाटीने.

पुढे बाजूची मुळे फुटू लागतात, तेव्हा उताराचा परिणाम अधिक स्पष्ट दिसतो. सपाटीवर ही मुळे बहुधा चहूकडे पसरतात. उतारावरील अनेक जातींत मात्र त्यांची वाटणी असमान होते. कोठे ती चढाच्या बाजूस अधिक, तर कोठे चढ आणि उतार या दोन दिशांना पंख्याप्रमाणे दाट झालेली आढळतात. जात, मातीची जाडी आणि वाऱ्याचा रोख यांप्रमाणे हा मांडणीचा प्रकार बदलतो. त्यामागील हेतू मात्र एकच असतो. चढाकडील मुळे तंबूच्या ताणलेल्या दोरांसारखी झाडाला मागे खेचून धरतात, आणि उताराकडील मुळे भिंतीला लावलेल्या टेकूप्रमाणे त्याचा भार पेलतात. ज्या मुळावर वाकविणारा जोर सतत पडतो, ते गोल न राहता उभट होते. काही मुळांचा छेद तर रेल्वेच्या रुळासारखा दिसतो. कमीत कमी लोखंडात अधिकात अधिक भार पेलण्यासाठी मनुष्याने रुळाला जो आकार दिला, तोच वृक्षाने मातीच्या अंधारात साधला आहे.

झाड हे सारे स्वतःच्या रक्षणासाठी करते. त्याचा लाभ मात्र साऱ्या डोंगराला होतो. माती दाब सोसते, पण ताण सोसत नाही. मुळे ताण सोसतात. काँक्रीटमध्ये लोखंडी सळया जे काम करतात, तेच मातीत मुळे करतात. यात जाड मुळांचेच महत्त्व आहे असे मुळीच नाही. जाडीच्या मानाने बारीक मुळे अधिक चिवट असतात. म्हणूनच गवत आणि झुडपे यांनाही उतारावर मोठा मान आहे. सह्याद्रीच्या उतारांवर माजणारी कारवी सुमारे सात वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळून जाते. पण ती जाते तेव्हा तिच्या बियांतून नवी कारवी उगवते आणि उतार उघडा पडत नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या एका रूढ हिशेबातील चूक लक्षात येते. 'एक झाड तोडले तर दहा लावू,' असे म्हटले जाते. आकड्यांत हा व्यवहार लाभाचा वाटतो; उतारावर मात्र तो तोट्याचा ठरतो. पन्नास वर्षांच्या झाडाने भेगाभेगांतून जी पकड मिळविली, ती दहा रोपांना दहा पावसाळ्यांतही मिळत नाही. शिवाय तोडलेल्या झाडाचे मूळ त्याच दिवशी नाहीसे होत नाही. ते हळूहळू कुजते. जुनी मुळे कुजून गेली आहेत आणि नव्यांना अजून बळ आलेले नाही, असा मधला काळ सर्वांत धोक्याचा असतो. तोडीनंतर साधारणतः तीन ते पंधरा वर्षांनी हा काळ येतो. आज केलेल्या तोडीचे फळ त्यामुळे पुष्कळदा पुढच्या पिढीच्या पदरात पडते.

यावर कोणी म्हणेल, की डोंगरातील माणसांनाही रस्ता, घर आणि शेत हवे. हे म्हणणे रास्त आहे. मुळे सर्वशक्तिमान नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. बहुतेक मुळे वरच्या एक-दोन मीटरांतच पसरतात. दरड त्याहून खोल सुटली, तर दाट रानही तिला अडवू शकत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडी ही गावे अतिवृष्टीत दरडीखाली गाडली गेली. अशा संकटांचा दोष केवळ वृक्षतोडीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पाऊस, उताराची तीव्रता, झिजलेला खडक आणि मनुष्याने केलेली खोदाई अशी अनेक कारणे तेथे एकत्र येतात. परंतु पाऊस थोपविणे मनुष्याच्या हाती नाही. मुळे राखणे त्याच्या हाती आहे. जे हाती आहे तेच सोडून देणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

राबासाठी कवळ तोडणारा कोकणातील जुना शेतकरी झाडाच्या फांद्या उतरवीत असे, पण खोड राखीत असे. झाड पुन्हा पालवे आणि त्याचे मूळ जिवंत राही. गरज भागविणे आणि मुळावर न येणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात, हे त्या रीतीवरून दिसते. आज यंत्राच्या साहाय्याने एका दिवसात बुंध्यांसह सारा उतार उपटला जातो आणि रस्त्यासाठी डोंगराचा पायथाच कापला जातो. ही घाई टाळली पाहिजे. तीव्र उतारावरील जुने झाड शक्यतो तोडू नये. तोडणे अटळच असेल, तर बुंधा व मुळे जमिनीतच राहू द्यावीत, पाण्याला वाट करून द्यावी, आणि गवत, झुडपे व त्या भूमीची झाडे यांची लागवड तोडीनंतर नव्हे, तर तोडीच्या कित्येक वर्षे आधी करावी.

रोपे मोजणे सोपे आहे. मुळांची पकड मोजणे कठीण आहे. म्हणून समाज सोपे तेवढेच मोजतो आणि निश्चिंत होतो. पण आषाढातील मुसळधार पावसात उतार सावरून धरला जातो, तो लावलेल्या रोपांच्या संख्येने नव्हे, तर राखलेल्या मुळांच्या वयाने.