डोंगरी बुजुर्गचा वाटा

टॉर्चचा जुना सेल फोडला की काळी पूड हाताला लागते. ती मँगनीज डायऑक्साइडची, आणि तुमसर तालुक्यातलं आमचं डोंगरी बुजुर्ग त्याच खनिजासाठी ओळखलं जातं. तिकडे चिखला खाणीत माणसं जमिनीखाली उतरतात; आमची खाण उघडी, पायऱ्यापायऱ्यांनी खोदलेली. ती चालवणारी सरकारी कंपनी ‘मॉईल’ आली १९६२ साली.

बाबा खाणीत, काका धानाच्या बांधीत. दोघांचे कपडे आई वेगळे धुवायची. बांधीचा चिखल निघतो, खाणीचा काळा डाग नाही. रोवणीच्या तोंडावर पाऊस दडी मारतो तेव्हा मात्र उधारी खाणीच्या पगारावरच मिळते. म्हणून खाण बंद करा, असं इथे कुणी म्हणणार नाही. मीही नाही.

पण २०१५च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्क्यांएवढी रक्कम त्यात भरावी लागते, खाणबाधितांसाठी. हे काही उपकार नव्हेत. येत्या ग्रामसभेत एकच विषय घ्या: आपल्या गावाला किती मंजूर झाले, किती खर्च झाले? उत्तर लेखी मागा.