ढगाचं सोडा, माडाची सावली बघा

अलिबाग-मुरूडकडे छपरावरच्या सोलरचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं: "आपल्याकडे चार महिने पाऊस, कसली वीज होणार?" होते. भर पावसात पुष्कळ कमी होते, पण ढगांतून झिरपणाऱ्या उजेडावरही पॅनल चालतं. जर्मनीत ऊन कोकणापेक्षा कितीतरी कमी, तरी तिथे लाखो घरांवर पॅनल आहेत.

शिवाय हिशेब एका दिवसाचा नसतो. नेट मीटर बसला की दुपारची जादा वीज महावितरणकडे जाते आणि ती युनिटं पुढच्या बिलांत वळती होतात. हे खातं एप्रिल ते मार्च चालतं, आणि ते आपल्या पथ्यावरच पडतं. आगोटीला सुकी मासळी भरून ठेवतो, तशी एप्रिल-मेची वीज जुलै-ऑगस्टला कामी येते. मार्चअखेर उरलेल्या युनिटांना मात्र भाव बेताचाच, तेव्हा हौसेने मोठा संच घेऊ नका. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चारेक युनिटं देतो. महिन्याला दोनशे युनिटं लागत असतील तर दोन किलोवॅट पुरे.

खरी अडचण आपल्या वाड्यांची आहे. नागाव, चौल, श्रीवर्धन, दिवेआगर, कुठेही बघा, घर माड-पोफळींच्या पोटात. एका पॅनलवर झावळीची सावली आली की त्याच साखळीतल्या बाकीच्या पॅनलांनाही फटका बसतो. म्हणून डिसेंबरात, सूर्य दक्षिणेला कललेला असताना, सकाळी नऊ ते दुपारी तीन छपरावर सावली कुठून कुठे सरकते ते स्वतः पाहा. त्यासाठी धरता माड तोडू नका. गोठ्याचा किंवा पडवीचा पत्रा उन्हात असेल तर तिथे बसवा. तेही नसेल तर नाद सोडा.

दुसरा शत्रू खारा वारा. रंग मारलेल्या लोखंडाचा सांगाडा इथे टिकत नाही. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि स्टेनलेसचे बोल्ट, हे कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आठवा, किती घरांचे पत्रे नि कौलं उडाली. जुन्या वाशांवर पॅनल चढवण्याआधी वासे सुताराला दाखवा.

त्या वादळानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. "सोलर असतं तर?" असं वाटेल, पण साधा ऑन-ग्रिड संच लाईट गेली की स्वतःही बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरीचा संच घ्यावा लागतो, आणि तो बराच महाग पडतो.

२०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६० हजार, तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं आहे. ते संच बसल्यानंतर खात्यात येतं, म्हणून आधीच्या पैशांची तजवीज ठेवा. अर्ज सरकारी पोर्टलवरच करा आणि विक्रेता नोंदणीकृत यादीतलाच निवडा. छपरावर न चढताच दर सांगणारा कोणी आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.