कासला निघालात, तर माणदेशही पाहून या

पेरूला जाणारी माणसं महिनोन्‌महिने तयारी करतात. किनाऱ्यावरच्या लिमात वर्षभरात जेमतेम शिंतोडे, कुस्को ३,४०० मीटर उंचीवर, पलीकडे ॲमेझॉनचं जंगल. एकाच बॅगेत तीन हवामानांचे कपडे भरावे लागतात. तेवढी नको, पण त्याच्या पाव हिश्शानं तरी तयारी करून सातारा-सांगलीची सहल आखा, एवढंच माझं मागणं आहे.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या दहिवडीला पाचशेच्या आगेमागे. ढग सह्याद्रीवरच रिते होतात, पूर्वेला नुसता वारा पोचतो. आपण मात्र शनिवारी कास, रविवारी महाबळेश्वर, दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा, की परत घरी. माणदेशातली माण, खटाव, आटपाडी आपल्या सहलीत येतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरा आणि चार दिवस काढा. कासला आडवारी जा, नोंदणी आधी करा आणि फोटोसाठी फुलांत पाय घालू नका. तिथं कातळावर मातीचा पातळ थर असतो, सगळा बहर तेवढ्यावर उभा आहे.

तिथून पुढं पाण्यामागं जा. क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कराडला कोयनेला समोरासमोर भेटते; प्रीतिसंगमावर एक संध्याकाळ निवांत बसा. सकाळी कडेगाव, विटा करत आटपाडीची वाट धरा. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्यानं चढवत इकडं आणते. कासला भिजलेले मोजे आम्ही गाडीच्या मागच्या काचेपाशी टाकले होते. विटा ओलांडलं तेव्हा ते कडकडीत वाळले होते. पर्जन्यछाया हा शब्द शाळेत पाठ केला होता, तो त्या दिवशी हाताला लागला.

आटपाडीकडं पाणी पोचलं तिथं डाळिंबाच्या बागा, नाही पोचलं तिथं कुसळांचा माळ आणि मेंढरं. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ याच तालुक्यात. त्यांची १९५५ची ‘बनगरवाडी’ निघण्याआधी वाचाच, माळ वेगळा दिसेल. पुढं राजेवाडीचा तलाव, म्हसवडचा सिद्धनाथ, आणि दहिवडीवरून परतताना औंधचं श्री भवानी संग्रहालय. त्याची वेळ आधी विचारून ठेवा आणि निदान दोन तास द्या. जत राहिलं तर राहू दे, त्याला वेगळा दिवस हवा.

पूर्वेकडं हॉटेलांच्या भरवशावर राहू नका. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवलं, तर बाजरीची गरम भाकरी आणि खर्डा मिळेल. कुणी अंगणात बसवून पाण्याचा तांब्या पुढं केला, तर लागेल तेवढंच भांड्यात ओतून घ्या. तरी भांड्यात उरलंच, तर वाटेत फेकू नका, झाडाच्या बुडाशी घाला.