शेपूट कुणाचं जोडता?

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. फोटो निघतो, उखाणा होतो, आणि त्या मुलीचं सतरा-अठरा वर्षांचं नाव तांदळाबरोबर झटकलं जातं. डॉक्टर आनंदी जोशी माहेरी यमुना होत्या. रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच. आपल्याला त्या माहीत आहेत त्या सासरच्या नावाने.

जी बाई हे नाकारते तिचं काय होतं? रखमाबाईंचं पाहा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लागलं. मोठी झाल्यावर तिने नांदायला जायचं नाकारलं. १८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, पुढच्या वर्षी अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन दादाजीशी तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटला तिने बायकांची सेवा केली.

आता तिच्या नावाचा इंग्रजी प्रवास बघा. १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह आणि वैधव्याच्या सक्तीविरुद्ध तिची पत्रं आली ती ‘एक हिंदू स्त्री’ एवढ्याच सहीने. नाव सांगायची सोय नव्हती. नंतर ती नावानिशी जगापुढे आली तेव्हा लिहायची फक्त ‘रखमाबाई’. नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. खटल्याच्या इंग्रजी मथळ्यातही ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ असंच आहे. ज्या कोर्टाने तिला तुरुंग दाखवला, त्या कोर्टानेही तिला शेपूट जोडलं नाही. ते आपण जोडलं. २२ नोव्हेंबर २०१७ ला तिच्या जयंतीला गूगलने चित्र लावलं, नाव लिहिलं ‘रखमाबाई राऊत’. राऊत हे तिच्या सावत्र वडिलांचं, डॉ. सखाराम अर्जुन यांचं आडनाव. तो माणूस भला होता, तिच्या पाठीशी उभा राहिला, हे खरं. पण एका पुरुषाच्या नावाविरुद्ध जन्मभर लढलेल्या बाईला शेवटी दुसऱ्या पुरुषाच्या नावाखाली बसवायचं, हा कुठला सन्मान?

हे आपल्याकडेच होतं असं नाही. चीनमधली मोठी लेखिका डिंग लिंग (१९०४-१९८६). जन्मनाव च्यांग पिंगच. चीनमध्ये बायका लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावत नाहीत. आपल्याला वाटेल, किती छान! पण माहेरचं आडनाव म्हणजे तरी बापाचंच की. डिंग लिंगने तेही टाकलं आणि स्वतःचं नाव स्वतः घेतलं. १९४२ च्या महिला दिनी तिने आपल्याच क्रांतिकारक पक्षातल्या बायकांच्या हालांवर लिहिलं, त्याबद्दल पक्षाचा रोष ओढवून घेतला. इंग्रजीवाल्यांनी काय केलं? सूचीत ‘डिंग’ला आडनाव ठरवून टाकलं. जुन्या पुस्तकांत तिचं स्पेलिंग ‘टी’ने, नव्यांत ‘डी’ने, म्हणजे एकच बाई दोन फळ्यांवर. जिने आडनाव टाकलं तिलाही इंग्रजीने आडनाव चिकटवलंच.

कुणी म्हणेल, हे लेखिकांचं झालं, आमच्या पेठेतल्या बाईला त्याचं काय? आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या पेठ गावी बैठकीत आम्ही बायकांना पिशवीतले कागद बाहेर काढायला सांगितले. एका बाईचं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात इंग्रजीत ‘लक्ष्मी’चं स्पेलिंग तिसरंच. दुसरीच्या नावातलं ‘बाई’ सुटं करून आडनावाच्या रकान्यात घातलेलं. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. कागद एकमेकांशी जुळले नाहीत की खेटे घालायचे बाईनेच, रोज बुडवून. नाव बदललं दुसऱ्यांनी, पुरावा द्यायचा तिने.

सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी, मग वडिलांचं. स्वागत आहे. पण त्याच निर्णयात विवाहित बाईसाठी मात्र तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही जुनीच पद्धत ठेवली. म्हणजे आई म्हणून तुझं नाव चालेल, बायको म्हणून तू त्याचीच! लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा या देशात नाही. त्याच निर्णयाप्रमाणे मालमत्तेच्या कागदावर लग्नाआधीचं नाव लावण्याची मुभाही आहे. ही गोष्ट किती तलाठ्यांनी किती बायकांना सांगितली?

ज्या बाईला नवऱ्याचं नाव लावायचं आहे तिने खुशाल लावावं. आमचं भांडण तिच्याशी नाही, न विचारता लिहिणाऱ्या हाताशी आहे. तेव्हा यापुढे गटाच्या नोंदवहीत प्रत्येकीला विचारून, ती सांगेल तेच नाव लिहूया. इंग्रजी स्पेलिंग एकदा तिच्यासमोर ठरवूया आणि सगळीकडे तेच लावायला लावूया. तांदळाच्या ताटाला नाही म्हणणाऱ्या मुलीच्या मागे उभ्या राहूया. आणि रखमाबाईंची जयंती करू तेव्हा फलकावर लिहूया: डॉ. रखमाबाई. बस्स, एवढंच.