स्वस्त यंत्र, महाग गुरू

राहत्या घरातील एखाद्या खोलीत ध्वनिमुद्रण करणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. संगणक, त्यात आवाज उतरवणारी हाताएवढी पेटी, एक मायक्रोफोन आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर महाविद्यालयीन विद्यार्थी स्वतः रचलेले गाणे गिटारवर वाजवतो, गातो आणि त्याच रात्री जगापुढे ठेवतो. आता कलावंताला कंपनीच्या दारात ताटकळण्याचे कारण उरले नाही, असा निष्कर्ष त्यातून घाईने काढला जातो. तो अर्धाच खरा आहे.

यंत्र स्वस्त झाले, याविषयी वाद नाही. 1902 साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा त्यासाठी ग्रामोफोन कंपनीला परदेशातून तंत्रज्ञ व यंत्रसामग्री आणावी लागली होती. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या एका तबकडीत लेस पॉल या अमेरिकन वादकाने हॉलिवूडमधील आपल्या गॅरेजात गिटारचे अनेक आवाज एकट्यानेच एकावर एक चढवले. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी 1982 मध्ये न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात चार मार्गांच्या साध्या कॅसेटयंत्रावर काही गाणी कच्चा खर्डा म्हणून नोंदवली. पुढे वाद्यवृंदासह केलेले प्रयोग मनास येईनात, म्हणून ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. आणि 2020 साली बिली आयलिश या तरुणीने पाच ग्रॅमी पारितोषिके मिळवली, तो संग्रह लॉस एंजेलिसमधील एका निजायच्या खोलीत तयार झाला होता.

ही उदाहरणे नेहमी दिली जातात. परंतु ती नीट वाचली जात नाहीत. लेस पॉल त्या वेळी मुरलेला वादक होता. स्प्रिंगस्टीनच्या गाठीशी पाच संग्रह होते. बिली आयलिशच्या शेजारी तिचा थोरला भाऊ फिनियस बसलेला होता; गाणी रचण्यात तो वाटेकरी होता आणि ध्वनिमुद्रण तोच सांभाळत होता. यांपैकी एकही नवशिका एकटा नव्हता.

मार्गदर्शक नेमके करतो काय? पुण्यामुंबईच्या एखाद्या सदनिकेत हे काम चालते, तेव्हा पहिला तास गाण्यात जातच नाही. पंखा बंद होतो. मे महिन्यात हा त्याग लहान नसतो. गाद्या भिंतीला उभ्या केल्या जातात, कपड्यांचे कपाट उघडे ठेवले जाते, आणि शेजारची कुकरची शिट्टी होईपर्यंत वाट पाहिली जाते. विद्यार्थ्याने मायक्रोफोन गिटारच्या भोकासमोर ठेवलेला असतो. जाणता माणूस तो बाराव्या पडद्याच्या बाजूला, वीतभर अंतरावर सरकवतो आणि घुमणारा आवाज एकदम स्वच्छ होतो. पण हे पुस्तकातूनही शिकता येईल. पुस्तकातून न शिकता येणारी गोष्ट निराळी आहे. गाणे गाणाऱ्याच्या गळ्यापेक्षा दोन स्वर वर बसवले आहे, दुसरे कडवे पहिल्याचीच पुनरुक्ती करते, आणि विसाव्या प्रयत्नापेक्षा तिसरा प्रयत्न खरा होता, हे सांगणारा कान हवा. संगणकात चूक पुसणे सोपे झाल्यामुळे थांबावे कोठे, हे सांगणाऱ्याची गरज उलट वाढली आहे.

आणि हा कान स्वस्त होत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 सालीच दाखवून दिले, की कारखान्यात दर माणशी उत्पादन वाढत जाते, पण चार वादकांची रचना वाजवण्यास पूर्वी जेवढी माणसे व जेवढा वेळ लागे, तेवढाच पुढेही लागतो. इतरत्र वेतन वाढले, की वादकाचा तास सापेक्षतेने महाग होत जातो. गुरूच्या तासाला हाच नियम लागू आहे. यंत्राची किंमत घसरली आणि मार्गदर्शनाची चढली; साहजिकच मध्यमवर्गीय पालक यंत्र विकत घेऊन देतात आणि आपले कर्तव्य संपले असे मानतात.

गोव्याने हा प्रश्न एके काळी निराळ्या रीतीने सोडवला होता. तेथील चर्चच्या शाळांतून ‘मेस्त्री’ मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. मुलाच्या घरची ऐपत आड येत नसे. त्या परंपरेतील अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखी माणसे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा ठरली. प्यारेलाल शर्मांना व्हायोलिनचे धडे गोन्साल्विसांनीच दिले. मात्र अशा संयोजकांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच आली, हेही विसरता येत नाही.

हा श्रेयाचा प्रश्न घरगुती स्टुडिओतही उभा राहतो, आणि तेथे तो अधिक नाजूक असतो. कारण ‘सरां’कडे कागद मागायचा कसा, हा संकोच आड येतो. आपल्या कायद्यानुसार गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते काम करण्याचा पुढाकार व जबाबदारी घेणारा. खोली आणि यंत्र गुरूचे, गाणे शिष्याचे. मग पुढाकार कोणाचा? गुरूने चालीचा अर्धा भाग बदलला असेल, तर तो सहरचनाकार ठरतो की नाही? 1977 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने चित्रपटातील संगीतकारांची बाजू दुबळी झाली. ती सावरण्यास 2012 ची दुरुस्ती यावी लागली. त्या दुरुस्तीनुसार चित्रपटासाठी वा ध्वनिमुद्रणासाठी हक्क दिले, तरी गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनातील आपला समान वाटा कंपनीला सोडून देता येत नाही. हक्क देण्याचा करार लेखी व सहीचाच लागतो. पस्तीस वर्षे झगडून मिळालेल्या अशा संरक्षणाची विद्यार्थ्यांना गंधवार्ताही नसावी, हे शिक्षणाचे अपयश आहे. रक्कम आज क्षुल्लक असेल, हे खरे. 2024 पासून स्पॉटिफायवर वर्षाला एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास काहीच मिळत नाही. परंतु गाणे चालले, की वाद सुरू होतो आणि तेव्हा गुरुशिष्य दोघेही पोळतात. पहिला सूर मुद्रित होण्यापूर्वी अर्ध्या पानावर दोघांच्या सह्या झाल्यास त्यात गुरूचा अवमान नाही.

राहिला प्रश्न गुरूच्या तासाच्या खर्चाचा. नाटकाच्या बाबतीत आपल्या महाविद्यालयांनी तो पिढ्यान् पिढ्या उचलला आहे. 1963 पासूनच्या पुरुषोत्तम करंडकामागे माजी विद्यार्थ्यांनी रात्री जागून घेतलेल्या तालमी आहेत. गाण्याला मात्र युवा महोत्सवाचे व्यासपीठ मिळते, तालीम मिळत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी एखाद्या अनुभवी वादकाला मानधन देऊन बोलावणे संस्थांना जड जाऊ नये. स्वतंत्र खोलीही बांधावी लागणार नाही. अनेक महाविद्यालयांत भाषा-प्रयोगशाळा आहे. तेथे संगणक आहेत, हेडफोन आहेत, आणि दुपारी चारनंतर तिला कुलूप असते. किल्ली बहुधा शिपायाकडे मिळते.