सातबाऱ्यावर नाव लागेल, रस्त्याचे काय?

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात गाजणारी विधेयके वेगळी असतात आणि लोकांच्या घरापर्यंत पोचणारी वेगळी. तुकडेबंदी कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक दुसऱ्या प्रकारातले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने यासाठी अध्यादेश काढला. अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत विधिमंडळाने मान्यता दिली नाही तर अध्यादेश संपुष्टात येतो, म्हणून त्याची जागा घेणारे विधेयक डिसेंबर २०२५ च्या अधिवेशनात सभागृहापुढे आले. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले जमिनीच्या लहान तुकड्यांचे व्यवहार कोणतेही शुल्क न आकारता नियमित करायचे, हा त्याचा गाभा. शहरांच्या आणि विकास प्राधिकरणांच्या हद्दीतील, गावठाणालगतच्या आणि आराखड्यांत रहिवासासारख्या बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनींना ते लागू होणार आहे. सुमारे ४९ लाख कुटुंबांना त्याचा लाभ होईल, असे सरकार सांगते. या विधेयकाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र ते जमिनीचा कागद दुरुस्त करील, त्या जमिनीवर उभी राहिलेली वस्ती नव्हे, हे आजच सांगायला हवे.

गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. पुण्याच्या, नाशिकच्या, छत्रपती संभाजीनगरच्या कडेला गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्यांनी असा एक-दीड गुंठा घेतला, ते कोण आहेत? कंपनीतला कंत्राटी कामगार, रिक्षाचालक, धुणीभांडी करणारी बाई, दुष्काळी तालुक्यातून आलेले कुटुंब. फ्लॅटची किंमत त्यांच्या आवाक्यात कधीच नव्हती. मंजूर रेखांकनातला बिगरशेती प्लॉटही परवडत नव्हता. गावाकडचा जमिनीचा वाटा, भिशी, बायकोचे दागिने आणि भविष्य निर्वाह निधीतली उचल एकत्र करून त्यांनी एजंटाने दाखवलेला तुकडा घेतला. कायदा मोडण्याची हौस म्हणून कोणी आयुष्याची पुंजी अशी गुंतवत नाही. कायद्यात बसणारे आणि खिशाला झेपणारे असे काहीच बाजारात नव्हते, म्हणून हे घडले.

या व्यवहाराचा कागद एकदा नीट पाहावा. तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करून विकता येत नाही. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी ठरली. त्याआधी ती अनेक ठिकाणी याहून मोठी होती. मग दहा-अकरा जण मिळून एकच खरेदीखत करतात आणि आपसातली वाटणी नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवतात. सातबाऱ्यावर दहा-अकरा नावे सामाईक लागतात, पण कोणाचा तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्यावर कुठेच नसते. अनेकांच्या वाट्याला तर सामाईक नावही येत नाही. हाती राहते ते साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि विसार पावती. काहींचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात तुकडेबंदीच्या शेऱ्यासह अडकून राहते.

हा शेरा रोजच्या जगण्यात आडवा येतो. बँक घरकर्ज देत नाही, म्हणून भरमसाट व्याजाने पैसे उचलावे लागतात. बांधकामाचा परवाना मिळत नाही, म्हणून आराखड्याशिवाय, अभियंत्याशिवाय पिलर उभे राहतात. सामाईक खातेदारांपैकी एकाने कर्ज थकवले की बोजा सगळ्यांच्या उताऱ्यावर दिसतो. एकजण वारला की वारस नोंद होईपर्यंत बाकीच्यांचे व्यवहार खोळंबतात. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसे हवे असतील, तरी स्वतःचे घर बाजारभावाने विकता येत नाही. घर आहे, वीजबिल येते, घरपट्टीही भरली जाते, आणि तरीही ते घर आपले आहे हे सिद्ध करता येत नाही, या अवस्थेत माणसांच्या दोन पिढ्या गेल्या. त्यातून त्यांना बाहेर काढणारा कायदा करणे हे सरकारचे कर्तव्यच आहे.

मुळात तुकडेबंदी कायदा या माणसांसाठी केलेला नव्हता. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पवनाकाठच्या पिंपळे सौदागर या गावाच्या शेतीचा अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये तिथली सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, असे त्यांनी दाखवले. वाटण्यांनी शेताच्या चिंध्या होत होत्या आणि त्या चिंध्यांवर कुटुंब जगत नव्हते. या चिंतेतूनच पुढे १९४७ चा तुकडेबंदी कायदा आला. हेतू चांगलाच होता.

पण तुकडे रोखणारा कायदा पुरेसा नाही, हे सांगणारा आवाजही तेव्हापासूनच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मध्येच भारतातील लहान धारणांवर निबंध लिहून दाखवून दिले की, खरा रोग तुकड्यांच्या आकारात नाही. जमिनीवर जगणाऱ्या माणसांच्या गर्दीत आहे आणि त्यांना दुसरीकडे काम मिळणे हा त्यावरचा इलाज आहे. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणांविषयीचे विधेयक आले, तेव्हा अशा उपायाने भूमिहीनांची संख्या वाढेल, असे बजावून त्यांनी त्याला विरोध केला. माणसाची गरज तशीच ठेवून केवळ मनाई केली, तर गरज मनाईला वळसा घालून जाते, हा त्या युक्तिवादाचा अर्थ आजही जसाच्या तसा लागू पडतो. डॉ. मॅन यांचे पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि तिथे उंच इमारती उभ्या आहेत. शेतीसाठी आखलेली मर्यादा मात्र शहरे वाढली तरी त्यांच्या वेशीवर तशीच लागू राहिली.

गेल्या पंचवीस वर्षांत शासनाने या प्रश्नावर काय केले, तेही पाहायला हवे. २००१ मध्ये गुंठेवारी, म्हणजे असे गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट, नियमित करणारा कायदा आला आणि १ जानेवारी २००१ ही अंतिम तारीख ठरली. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. २०१७ मध्ये तुकडेबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरल्यास व्यवहार नियमित करण्याची सोय झाली. ही रक्कम परवडणारी नव्हती, म्हणून २०२४ मध्ये ती ५ टक्के झाली. आता शून्य. रक्कम कमी होत गेली आणि तारीख पुढे सरकत गेली. १५ ऑक्टोबर २०२४ नंतरही गुंठ्यांची विक्री थांबलेली नाही. मग २०४० मध्ये याच नागपुरात आणखी एका तारखेचे विधेयक येऊ नये, यासाठी या विधेयकात काय आहे, हा प्रश्न आमदारांनी विचारलाच पाहिजे.

त्याहून मोठा प्रश्न वस्तीचा आहे. मंजूर रेखांकनात रस्ते ठरलेल्या रुंदीचे सोडावे लागतात आणि मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. गुंठे पाडून विकणारा रस्त्याला सोडलेला प्रत्येक फूट तोटा मानतो. त्यामुळे अशा वस्त्यांत दहा फुटांची गल्ली असते, तीही पायऱ्या आणि पाण्याच्या टाक्यांनी अर्धी खाल्लेली. टँकर नाक्यावर थांबतो आणि तिथून पाइप ओढत आणावे लागतात. रात्री छातीत कळ आली, तर माणसाला खुर्चीत बसवून रुग्णवाहिकेपर्यंत न्यावे लागते. सांडपाणी शोषखड्ड्यात जाते आणि पावसाळ्यात शोषखड्डा अंगणात येतो. अग्निशमन बंब आत वळू शकत नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांच्या रहिवाशांना विचारा, ते सातबाऱ्याइतक्याच तळमळीने ड्रेनेजबद्दल बोलतील. व्यवहार नियमित झाला म्हणजे बांधकामही नियमित झाले असा समज पसरू देणे ही या लोकांची फसवणूक ठरेल. जमिनीची मालकी, बांधकामाचा परवाना आणि नागरी सुविधा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विधेयक त्यांपैकी पहिलीलाच हात घालते.

म्हणून विधेयक मंजूर करताना चार गोष्टी त्यात किंवा त्याखालच्या नियमांत आल्या पाहिजेत. पहिली, मुदत. तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तुकडेबंदीचा शेरा किती दिवसांत काढायचा आणि फेरफार किती दिवसांत घ्यायचा, हे लिहिलेले असावे. शुल्क माफ झाले तरी हेलपाटे माफ होत नाहीत, आणि हेलपाट्यांतूनच चिरीमिरी जन्माला येते. ज्यांचे दस्त नोंदवलेलेच नाहीत, त्यांच्यासाठी गावोगावी आणि प्रभागोप्रभागी शिबिरे भरवावीत. दुसरी, मोजणी. सामाईक नावे असलेल्या जमिनींची सरकारने स्वतः मोजणी करून प्रत्येकाची हद्द नकाशावर आणावी. नाहीतर आजची मोघम वाटणी उद्या भावा-शेजाऱ्यांना दिवाणी न्यायालयात उभे करील. तिसरी, वस्तीचा आराखडा. नियमित होणाऱ्या प्रत्येक वस्तीसाठी रस्ता, पाणी, मलनिःसारण यांचा कार्यक्रम आणि त्यासाठी राखीव निधी असावा. रहिवाशांनी एकमताने चार-चार फूट मागे सरकून गल्ली रुंद केली, तर त्यांना बांधकामात सवलत मिळावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, यापुढची सोय. एका गुंठ्याचा, रस्ता आणि गटार असलेला, कर्ज मिळू शकेल असा कायदेशीर प्लॉट कामगाराच्या ऐपतीत बाजारात आला पाहिजे. तो येत नाही तोवर मनाईचा उपयोग एजंटालाच होतो. गुंठे पाडून विकणाऱ्यावर कारवाई जरूर व्हावी, पण घेणाऱ्याला पर्याय दिल्यानंतर.

शेतजमिनीबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. महाराष्ट्रातली सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. शहराकडे सरकलेल्या जमिनीचा न्याय पिकाखालच्या जमिनीला लावला, तर शेतकऱ्याचेच नुकसान आहे. ही सीमारेषा विधेयकाच्या शब्दांत स्पष्ट असावी, अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये.

अधिवेशनाचे दिवस थोडे असतात आणि अशी विधेयके गोंधळात, चर्चेविना मंजूर होण्याचा धोका असतो. या विधेयकाला विरोध करण्यासारखे फारसे काही नाही, म्हणूनच ते घाईने उरकले जाण्याची भीती अधिक. ज्या आमदारांच्या मतदारसंघात गुंठेवारीच्या वस्त्या आहेत, त्यांनी पक्ष बाजूला ठेवून एकेका कलमावर बोलावे, दुरुस्त्या सुचवाव्यात आणि मंत्र्यांकडून सभागृहात मुदतीची व निधीची आश्वासने घ्यावीत. लोकांनी घरे बांधून आपला वाटा उचललेला आहे. सरकारने आता त्यांना मालकीच्या उताऱ्याबरोबर रस्ता आणि गटारही द्यावे. या अधिवेशनाकडून महाराष्ट्राची तेवढीच रास्त अपेक्षा आहे.